उजेडात मरणारे जंतू आणि केनवडची कसोटी

दवाखान्यात माणूस बरा व्हायला जातो, आणि तिथूनच नवा आजार घेऊन घरी येतो, ही गोष्ट आपण नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. ती नशिबाची नाही, मोजता येणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथल्या मुक्कामातच किमान एक संसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्या दर १० जणांपैकी सरासरी एक जण दगावतो. हे आकडे मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांचे वाटतात. पण वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, केनवडसारख्या गावातून बाळंतपणासाठी निघालेल्या बाईशीही त्यांचा संबंध आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, अडचण आली तर रिसोडचं ग्रामीण रुग्णालय, त्याहून गुंतागुंत झाली तर वाशिमचं जिल्हा रुग्णालय. प्रत्येक टप्प्यावर नवी कॉट, नवा सलाईनचा स्टँड, नवी ट्रॉली आणि त्यांना आधी लागलेले कितीतरी हात तिच्या वाट्याला येतात. प्रकाश पडताच जंतू मारणाऱ्या पृष्ठभागांचं जे नवं तंत्र जगभरच्या प्रयोगशाळांत आकार घेत आहे, त्याचा विचार या वाटेवरच्या माणसाला समोर ठेवून करायला हवा. हे तंत्र आशादायक आहे. मात्र ते खरोखर कामाचं आहे की नाही, हे लंडनच्या प्रयोगशाळेत ठरणार नाही. केनवडच्या धुळीत, उन्हात आणि फिनेलच्या पोछ्याखाली ते टिकतं का, यावर ते ठरेल. आणि म्हणून ते विकत घेण्याआधी इथंच तपासलं पाहिजे.

पृष्ठभागाचा इतका बाऊ कशासाठी, असं कुणी विचारेल. रोगजंतू म्हणजे शरीराबाहेर पडले की लगेच मरणारे नाजूक जीव, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कोरड्या पृष्ठभागावर ते किती काळ तग धरतात याचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत, तर अतिदक्षता विभागांत धुमाकूळ घालणारा ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी एकत्र आल्या. आपल्याकडे या ॲसिनेटोबॅक्टरची गाठ थेट नवजात बाळांशी पडते. दिल्लीच्या तीन सरकारी रुग्णालयांतल्या १३ हजारांहून अधिक नवजात बाळांच्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे १४ टक्के बाळांना जंतुदोष झालेला आढळला आणि त्यांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर पहिल्या क्रमांकावर होता. त्यातले जवळपास दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले होते. एवढ्या लवकर झालेला संसर्ग आईकडून आला, की प्रसूतीच्या टेबलावरून, सिस्टरच्या हातावरून किंवा नाळ कापताना आला, हे प्रत्येक बाळाबाबत सांगता येत नाही. पण ॲसिनेटोबॅक्टरसारखा जंतू पुढे दिसू लागला की बोट दवाखान्याच्या वातावरणाकडेच जातं. दुसरा पुरावा कॉटचा आहे. एखाद्या खोलीत आधीच्या रुग्णाला विशिष्ट जंतूचा संसर्ग असेल, तर त्याच खोलीत नंतर येणाऱ्या रुग्णाला तोच जंतू लागण्याची शक्यता सुमारे दुपटीनं वाढते, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये दाखवण्यात आलं. आधीचा रुग्ण घरी गेलेला असतो, त्यानं मागं ठेवलेले जंतू गेलेले नसतात.

सफाई होत नाही असं नाही. २०१५ पासून केंद्र सरकारची कायाकल्प योजना सरकारी दवाखान्यांना स्वच्छतेचे गुण देते, पुरस्कार देते, आणि त्यामुळे अनेक आरोग्य केंद्रांचा चेहरामोहरा बदलला आहे. पण सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला सुमारे ३० हजार लोकसंख्या येते, आणि सफाईला हात मोजकेच असतात. सकाळी पुसलेली कॉटची कड दुपारपर्यंत किती हातांनी धरली जाते, याचा हिशेब कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. रुग्णाला बसवणारा नातेवाईक, ड्रेसिंगची ट्रॉली ढकलणारी सिस्टर, दाराची कडी उघडणारा पुढचा रुग्ण, नळाची चावी फिरवणारा आणि कूलरचं बटण दाबणारा माणूस, सगळे त्याच त्या दहा-बारा जागांना हात लावतात. सफाईच्या दोन वेळांमधला हा काळच जंतूंचा असतो. प्रकाशानं जागृत होणाऱ्या पृष्ठभागाचा दावा एवढाच आहे की या मधल्या काळात, कुणी काही न करता, तो पृष्ठभाग स्वतः काम करत राहील.

उजेड जंतू मारतो, हे विज्ञानाला फार आधीपासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ मध्ये दाखवून दिलं की उन्हात ठेवलेल्या द्रवात जंतू वाढत नाहीत. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयरोगावर प्रकाशोपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं. पण आजच्या तंत्राचा खरा धागा म्युनिकमध्ये सापडतो. तिथं १९०० मध्ये ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन नावाच्या रंगद्रव्याचा सूक्ष्मजीवांवर होणारा परिणाम पाहत होता. तेवढ्याच मात्रेतलं तेच रंगद्रव्य उजेडात ते जीव झपाट्यानं मारत होतं, अंधारात मात्र फारसं काही होत नव्हतं. म्हणजे मारक शक्ती ना एकट्या रंगात होती, ना एकट्या उजेडात. ती दोघांच्या भेटीत होती. रंगद्रव्याचा रेणू प्रकाशातली ऊर्जा शोषून घेतो आणि ती आसपासच्या ऑक्सिजनला देतो. हवेतला साधा ऑक्सिजन मग अत्यंत आक्रमक रूप घेतो, किंवा त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी संयुगं तयार होतात, आणि ती जंतूचं बाहेरचं आवरण, आतली प्रथिनं आणि जनुकीय द्रव्य यांवर एकाच वेळी तुटून पडतात. मात्र हा मारा फार जवळचा असतो. आक्रमक झालेला ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो आणि तेवढ्यात तो जंतूच्या लांबीच्या एका अंशाएवढंच अंतर कापू शकतो. ही बाब लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच येऊन थांबतो.

प्रकाशावर चालणारे पृष्ठभाग म्हणून आधी गाजलं ते टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातला नेहमीचा घटक. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये त्याचे प्रकाश-रासायनिक गुण जगापुढे आणले आणि पुढे त्याचे लेप काचांवर, फरशांवर आले. अडचण अशी की त्याला अतिनील किरण लागतात. ते उन्हात मिळतात. आता गावोगावच्या दवाखान्यांत बसलेल्या एलईडी दिव्यांत जवळपास नसतात. म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आयव्हन पार्किन, मायकेल विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या दिव्याच्या उजेडात काम करणाऱ्या रंगद्रव्यांकडे मोर्चा वळवला. त्यातलं मुख्य रंगद्रव्य म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट. तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले की ग्रामीण दवाखान्यांतून वर्षानुवर्षं जे जांभळं औषध लावलं जाई, त्या जेंशन व्हायोलेटचा हाच मुख्य घटक. जंतूंची ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळेत काचपट्टीवर टाकला जाणारा जांभळा रंगही हाच. हा रंग पृष्ठभागाच्या आत बसवण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. लघवीच्या नळीसाठी (कॅथेटर) आणि इतर वैद्यकीय नळ्यांसाठी वापरतात ते सिलिकॉन रंग मिसळलेल्या द्रावणात बुडवलं की भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं, त्याच्या आतल्या जागा मोकळ्या होतात आणि रंग आत शिरतो. मग द्रावण उडून गेलं की सिलिकॉन पुन्हा मूळ आकाराला येतं आणि रंग आतच अडकून राहतो. वरून थर दिलेला नसतो, त्यामुळे तो खरवडून निघत नाही.

या गटाचं सर्वांत महत्त्वाचं काम २०२० मध्ये आलं. त्यात क्रिस्टल व्हायोलेटच्या जोडीला सोन्याच्या अवघ्या २५ अणूंचे पुंजके बसवले होते. सरासरी ३१२ लक्स उजेडात, म्हणजे वॉर्डात किंवा व्हरांड्यात सहज मिळणाऱ्या उजेडात, एकट्या रंगाचा जंतूंवर काही परिणाम झाला नाही. सोन्याचे पुंजके सोबत आले तेव्हा मात्र पृष्ठभाग जोरात कामाला लागला. सोन्यामुळे ऊर्जेची वाट बदलली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अधिक तयार झालं, असा उलगडा त्यांनी केला. तोवर हे पृष्ठभाग हजारो लक्सच्या झगझगीत प्रकाशाखालीच चमक दाखवत. नेहमीच्या दिव्याखाली ते चालवून दाखवणं ही खरी मजल आहे, आणि ती मान्य केलीच पाहिजे. त्याच निबंधातली वेळही वाचली पाहिजे. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी परिणाम ६ तासांच्या मुदतीत मोजला होता, तर जुलाबांपासून मूत्रमार्गाच्या संसर्गापर्यंत अनेक आजारांमागे असणाऱ्या ई. कोलायसाठी २४ तासांच्या. ई. कोलाय, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर या गटातल्या जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असतं आणि ते भेदायला वेळ लागतो. आपल्या दवाखान्यांत जास्त त्रास नेमका याच गटाचा आहे. ब्लीचिंगच्या द्रावणाचा नीट फिरवलेला पोछा जे काम काही मिनिटांत करतो, त्याला या पृष्ठभागाला एक दिवस लागत असेल, तर तो पोछ्याची जागा घेऊ शकत नाही. दोन पोछ्यांच्या मधला वेळ तो हळूहळू, पण न थकता भरून काढतो, एवढंच त्याचं स्थान आहे, आणि तेवढं स्थानही लहान नाही.

आता केनवडची कसोटी लावून पाहू. जंतुनाशक प्लास्टिक तपासण्याची जगभर वापरली जाणारी आयएसओ २२१९६ ही पद्धत जंतूंचा ओला थर पृष्ठभागावर पसरते आणि ३५ अंश तापमानात, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत तो २४ तास ठेवते. विदर्भातल्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या पुढं गेलेला असताना आणि हवा कोरडी ठणठणीत असताना, दाराच्या कडीवर असा ओला थर कुठून येणार? तिथं असतो घाम, त्वचेची साल, सांडलेल्या सलाईनचा चिकट डाग आणि वर बसलेली काळ्या मातीची धूळ. आक्रमक ऑक्सिजन फार दूर जाऊ शकत नाही, हे आपण पाहिलं. धुळीचा आणि वाळलेल्या रक्ताचा थर मध्ये आला की उजेड रंगापर्यंत पोचत नाही आणि ऑक्सिजन जंतूपर्यंत. म्हणजे जो पृष्ठभाग सफाई कमी पडते म्हणून हवा, तोच सफाईशिवाय निकामी होतो. दुसरा प्रश्न फिनेलचा. दिवसातून दोनदा फिनेल, आठवड्यात कितीदा तरी ब्लीचिंग आणि सोडियम हायपोक्लोराइट लागलं तर रंग किती महिने टिकेल? ब्लीच रंग उडवण्यासाठीच ओळखलं जातं, आणि इथं तर रंग हेच औषध आहे. तिसरा प्रश्न उजेडाच्या रंगाचा. क्रिस्टल व्हायोलेट जांभळं दिसतं, कारण ते पिवळा-नारिंगी उजेड शोषून घेतं. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला ज्या निळ्या दिव्याखाली ठेवतात, तो तासन्‌तास झगझगत असतो, पण या रंगद्रव्याच्या तो फारसा उपयोगाचा नाही. तिथं निळा उजेड शोषणारं दुसरं रंगद्रव्य लागेल. खोलीत उजेड किती आहे एवढ्यानं भागत नाही; तो कोणत्या रंगाचा आहे आणि रात्री, वीज गेल्यावर, उन्हाळ्यात खिडक्या लावून कूलर सुरू केल्यावर किती उरतो, हे मोजावं लागेल. २०१४ च्या प्रयोगांत क्रिस्टल व्हायोलेट, मिथिलीन ब्ल्यू हे दुसरं रंगद्रव्य आणि सोन्याचे सूक्ष्म कण एकत्र आणले तेव्हा अंधारातही काही जंतू मेले होते, ही आशेची बाब आहे. मात्र अंधारातलं ते काम उजेडातल्यापेक्षा मंद असतं.

या तंत्रावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की प्रतिजैविकांना जंतू सरावले तसे यालाही सरावतील. इथं मात्र भीती कमी आहे. प्रतिजैविक बहुधा जंतूच्या एखाद्या विशिष्ट कळीवर बोट ठेवतं, आणि ती कळ बदलली की जंतू सुटतो. आक्रमक ऑक्सिजन आवरण, प्रथिनं, जनुकं अशा सगळीकडे एकदम घाव घालतो, त्यामुळे एका बदलानं सुटका होणं अवघड असतं. दुसरा आक्षेप विषारीपणाचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. जेंशन व्हायोलेटच्या दीर्घ वापरातून कर्करोगाचा धोका संभवतो, असा इशारा कॅनडाच्या आरोग्य खात्यानं २०१९ मध्ये दिला होता. सिलिकॉनमध्ये अडकलेला रंग आणि तोंडात लावलेला रंग यांत फरक आहे हे खरं. पण दोन वर्षांच्या वापरानंतर, घासून, पुसून, उन्हात तापून त्यातला किती रंग बाहेर येतो, हे तपासल्याशिवाय नवजात बाळाच्या गादीवर तो नेऊ नये. सुरुवात दाराच्या कड्या, ट्रॉलीचे दांडे, नळाच्या चाव्या अशा जागांपासून व्हावी. तिसरा आक्षेप असा की जंतुनाशक पाटी लागलेली कॉट पाहून सफाई करणारा आणि करवून घेणारा दोघेही निर्धास्त होतील. हा धोका खरा आहे आणि त्यावर उपाय प्रशिक्षणातच आहे: हा पृष्ठभाग पुसला तरच काम करतो, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगावी लागेल.

सर्वांत जोरकस आक्षेप पैशांचा आहे. जिथं नळाला पाणी वेळेवर येत नाही, साबण संपलेला असतो, सफाई कामगाराची जागा रिकामी असते, तिथं सोन्याचे पुंजके बसवलेल्या कड्यांची चैन कशाला? जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की हातांची स्वच्छता आणि इतर साधे, स्वस्त उपाय नीट पाळले तर दवाखान्यातले ७० टक्के संसर्ग टाळता येतात. हा आक्षेप क्रमापुरता पूर्णपणे बरोबर आहे. पाणी, साबण, हातमोजे आणि माणूस यांच्यावरचा एक रुपयाही कापून या तंत्रावर घालू नये. पण त्यातून ‘तोवर हा विषय आपला नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. आज आपण तपासलं नाही, तर पाच-दहा वर्षांनी हे पृष्ठभाग कंपन्यांच्या जाहिरातीतून येतील आणि दूर कुठंतरी केलेल्या चाचणीच्या कागदावर आपल्या दवाखान्यांसाठी खरेदी होईल. तांब्याची गोष्ट इथं शिकवण देते. अमेरिकेतल्या तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत नेहमी हात लागणाऱ्या सहा वस्तू तांब्याच्या करून पाहिल्या, तेव्हा रुग्णालयातल्या संसर्गाचं प्रमाण साध्या खोल्यांतल्या ८.१ टक्क्यांच्या तुलनेत ३.४ टक्के राहिल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या अभ्यासाच्या रीतीवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. तरी त्याची किंमत अशी की त्यानं जंतूंवर न थांबता आजारी पडलेली माणसं मोजली. प्रकाशावर चालणाऱ्या पृष्ठभागांना या पायरीपर्यंत पोचायचं आहे.

भारताकडे या विषयाची हुशारी नाही, असंही नाही. मंडीच्या आयआयटीत २०२० मध्ये मोलिब्डेनम डायसल्फाइडचे सूक्ष्म पापुद्रे कापडावर बसवून असं कापड तयार केलं, जे उन्हात धरल्यावर स्वतःला निर्जंतुक करतं आणि ६० धुण्यांनंतरही आपला गुण टिकवतं. ज्या देशात वर्षातले बहुतेक दिवस अंगणात कडक ऊन असतं, तिथं उन्हावर चालणारं कापड हा आपल्या हवामानाला जवळचा विचार आहे. दवाखान्यातली चादर, पडदा, ॲप्रन हे सगळं तसंही उन्हात वाळत घातलं जातं. कॉटच्या दांड्यासाठी एक तंत्र, कापडासाठी दुसरं, अशी निवड आपल्या परिस्थितीतून व्हायला हवी, आणि त्यासाठी आपल्याच परिस्थितीत मोजमाप हवं.

हे मोजमाप वाशिममध्ये होऊ शकतं. २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. कामाची आखणी अवघड नाही. केनवड आणि आसपासच्या आरोग्य केंद्रांत निम्म्या कड्या, दांडे आणि चाव्यांना नवं आवरण लावावं, निम्मे तसेच ठेवावेत, आणि कोणतं कोणतं हे जंतू मोजणाऱ्याला कळू देऊ नये. ठरलेल्या वेळी, म्हणजे सफाईनंतर लगेच, चार तासांनी आणि दुसऱ्या सफाईच्या आधी कापसाच्या बोळ्यानं नमुने घ्यावेत. त्या वेळचा उजेड लक्समध्ये, हवेची आर्द्रता, आणि त्या दिवशी फिनेल लागलं की ब्लीचिंग, हे सोबत लिहावं. एक पूर्ण उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा हे चालावं. आरोग्य केंद्रातल्या रुग्णसंख्येवरून संसर्ग घटला की नाही हे सिद्ध होणार नाही, कारण आकडा लहान पडेल. तिथं टिकाऊपणा तपासला जाईल. आवरण या परीक्षेत उतरलं आणि रंग बाहेर येत नाही हे दिसलं, तरच पुढची पायरी जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विभागाची, जिथं आजारी पडलेली बाळं मोजता येतील. नापास झालं तर तेही छापलं जावं, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याचे पैसे वाचतील.

आरोग्यातलं नवं तंत्र आधी मोठ्या शहरांत येतं आणि जुनं झाल्यावर गावाकडे उतरतं, ही आपल्याकडची सवयीची रीत झाली आहे. त्यामुळे गावाची धूळ, गावाची वीज आणि गावाचा पोछा यांचा विचार त्या तंत्राच्या घडणीत कधी होतच नाही, आणि मग ते गावात चाललं नाही की दोष गावाला दिला जातो. प्रकाशावर चालणारे पृष्ठभाग अजून बाजारात रुळलेले नाहीत, म्हणूनच हा क्रम उलटा करायची संधी आत्ता आहे. सर्वांत अवघड जागी जे टिकेल ते सगळीकडे टिकेल, आणि ती जागा केनवडसारख्या गावात आहे. आरोग्य खात्यानं आणि वैद्यकीय महाविद्यालयानं पाणी-साबणाची तजवीज पूर्ण करत असतानाच हे काम हाती घ्यावं. त्यातून आलेलं उत्तर होकाराचं असो की नकाराचं, बाळंतपणासाठी आरोग्य केंद्राची पायरी चढणाऱ्या बाईच्या ते उपयोगाचं असेल, कारण तिच्याच कॉटवर ते तपासलेलं असेल.